गुरुवारची कार्डं

त्या बाईंनी माझ्या पोटाला टेप लावली, तेव्हा मला दवाखान्यात रुजू होऊन अर्धा तासही झाला नव्हता. मी केसपेपरच्या खिडकीशी उभा होतो. नवा शर्ट, भांग पाडलेला, खिशाला पेन. मागून आवाज आला, "हात वर करा." मी केले. कोण, कशासाठी, हे न विचारता हात वर करायची सवय मला शाळेपासूनच होती. शिंप्याकडे असते तसली टेप माझ्या बेंबीवरून फिरली, मागे गेली, पुढे आली. "एकोणतीस. लिहून ठेवा कुठेतरी. बसून बसून वाढेल, पण ती चरबी असेल. घाबरू नका." एवढं बोलून बाई निघूनही गेल्या. शेजारचा कंपाउंडर खिडकीला धरून हसत होता. "आलेल्या प्रत्येकाचं घेतात," म्हणाला. "मागं पोस्टमनचं घेतलं. तो आता बाहेरूनच टपाल टाकतो."

हा नगरमधला एक धर्मादाय दवाखाना. मोठा दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षी मी तिथे कारकून म्हणून लागलो आणि तीन वर्षं त्या बाईंच्या हाताखाली काढली. हाताखाली म्हणजे कागदोपत्री नाही. कागदोपत्री मी ऑफिसचा माणूस होतो आणि बाई एक स्टाफ नर्स. पण हे बाईंना कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची माझी छाती नव्हती.

बाई चाळिशीच्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, पांढऱ्या साडीखाली कॅनव्हासचे बूट. डॉक्टरांच्या गळ्यात नळी असते तशी बाईंच्या गळ्यात ती टेप. सगळा दवाखाना त्यांना 'लिव्हरबाई' म्हणायचा, अर्थात पाठीमागं. पेशंट 'शिस्टरबाई' म्हणायचे. मला बाईंनी त्या तीन वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नाही, कायम "अहो कारकून." मला राग यायचा. पण रागापेक्षा कुतूहल जास्त होतं, ते आजही आहे. ही बाई नेमकी काय करत होती, हे मला समजायलाच सहा महिने लागले.

त्याचं असं होतं. पोटात पाणी झालेला माणूस दवाखान्यात यायचा. हातापायाच्या काड्या, डोळे पिवळे, आणि पोट हे एवढं. डॉक्टर सुई घालून पाणी काढायचे, आठ-दहा दिवस ठेवायचे, लघवीच्या गोळ्या देऊन घरी पाठवायचे. महिना-दीड महिन्यानं तोच माणूस तेवढंच पोट घेऊन परत. मधल्या महिन्यात त्यानं काय खाल्लं, गोळ्या घेतल्या की पोत्यात टाकल्या, कोणाला पत्ता नसायचा. बाईंना ते बघवेना. त्या मोठ्या डॉक्टरांपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मधला महिना मला द्या."

डॉक्टर म्हणाले, "घ्या. जागा मात्र नाही."

जागा बाईंनीच शोधली. जिन्याखाली जुन्या खाटा ठेवायचे, त्या हलवल्या, एक टेबल टाकलं, आणि दर गुरुवारी तिथे लिव्हरच्या लोकांची रांग लागायला लागली. नर्सनं स्वतःच्या हिमतीवर पेशंट बघायचे हे त्या काळात आक्रीतच होतं. इतर डॉक्टर नाकं मुरडायचे. मोठे डॉक्टर जिन्यावरून जाता-येता खाली वाकून बघायचे आणि काही न बोलता वर जायचे.

ज्यांना दर गुरुवारी नगरला येणं जमायचं नाही, त्यांच्यासाठी कार्ड. साधं पोस्टकार्ड. बाई गठ्ठेच्या गठ्ठे आणायच्या आणि दवाखान्याचा पत्ता त्यावर मी घालायचा. माझ्या अक्षराचं वळण त्या पत्त्यांनी बिघडलं ते कायमचं. पेशंट घरी निघाला की त्याच्या हातात दहा कार्डं पडायची आणि बाई पढवायच्या: "दर सोमवारी लिहायचं. वजन किती ते. करगोटा काचतो का ते. परसाकडे साफ होतं का ते. आणि खाली चार ओळी काहीही. पण स्वतःच्या हातानं." वजन कुठं करायचं? तर गुळाच्या काट्यावर, कांद्याच्या काट्यावर, जो गावात असेल त्यावर. करगोट्याचं मला फार कौतुक वाटलं. आपल्याकडे प्रत्येक गड्याच्या कमरेला तो काळा दोरा असतोच. पोटात पाणी भरायला लागलं की सगळ्यात आधी तोच काचतो. टेप नको, काही नको.

परसाकडचं मात्र बाई चारचौघांत विचारायच्या. एकदा मी त्यांच्याबरोबर माळीवाड्याच्या स्टँडवर उभा होतो. समोरून कोपरगावची गाडी सुटत होती आणि खिडकीत आमचा एक म्हातारबा बसलेला. बाई तिथूनच ओरडल्या, "अहो म्हातारबा! परसाकडे साफ झालं का?"

म्हातारबानं खिडकीतून अख्खं डोकं बाहेर काढलं. "झालं की बाई! सकाळच्यान दोन डाव!"

स्टँडवरची सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली. कंडक्टरनं घंटी मारली. मी पेपरात तोंड घातलं, तो पेपर उलटा होता हे नंतर लक्षात आलं.

हा म्हातारबा म्हणजे कोपरगावकडचा ऊसवाला शेतकरी, अंगठाबहाद्दर. त्याला 'चार ओळी लिही' कसं म्हणणार? लिहिता न येणाऱ्यांसाठी बाईंनी रांगोळीचे ठिपके काढले होते. कार्डावर पंधरा ठिपके, ते पेन्सिलीनं जोडायचे. बायका हसत हसत जोडायच्या. म्हातारबा चिडला. "बाई, म्या काय पोरगी हाय का रांगूळी काढाया?"

"मग काय काढता येतं?"

"बैल येतोय."

"मग बैल काढा."

झालं. दर गुरुवारी टपालात एक बैल यायला लागला. शिंगं, वशिंड, शेपटी, सगळं जागच्या जागी. आणि बाईंची कार्ड बघायची तऱ्हाही जगावेगळी. कार्ड हातात आलं की त्या ते उलटं धरायच्या, हात लांब करून, डोळे बारीक करून. वाचायच्या नाहीतच. वजन, करगोटा, परसाकडे, हे मी मोठ्यांदा वाचून दाखवायचं. खालच्या चार ओळींत कोणाच्या मुलीचं लग्न असायचं, कोणाची म्हैस व्यालेली असायची. ते मी चवीनं वाचायचो, बाईंना त्याची फिकीर नव्हती. मी एकदा न राहवून विचारलंच, "बाई, उलटं का?"

"सरळ धरलं की माणूस वाचायला लागतो. मला वाचायचं नाही, बघायचंय."

तरी मला कळलं नाही. ते कळलं बैलाला पाचवा पाय फुटला तेव्हा. मी हसत ते कार्ड बाईंपुढं ठेवलं. म्हटलं, बाई, म्हातारबाची गंमत बघा. बाईंनी ते पाहिलं, उठल्या, खाकी पिशवी उचलली आणि तडक कोपरगावची गाडी पकडली. पिशवीत एनिमाचा डबा असायचा. दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा साडीला उसाचं पाचट चिकटलेलं होतं. म्हातारबा चार दिवस परसाकडे गेला नव्हता, दिवसा झोपत होता, रात्रभर गोठ्यात फिरत होता, सुनेला 'आई' म्हणत होता.

तेव्हा बाईंनी मला पहिल्यांदा बसवून सांगितलं. लिव्हर थकलं की रक्तातली घाण साफ होत नाही, ती डोक्यापर्यंत जाते. माणूस एकदम बेशुद्ध पडत नाही. आधी झोप उलटी होते, मग हात बिघडतो, मग बोलणं. हात बिघडला तेव्हाच पकडला तर पोट साफ करून, डाळ-मटण बंद करून माणूस परत आणता येतो. उशीर झाला तर नाही. म्हणून अक्षर. म्हणून बैल.

"मग हे पेशंटला का सांगत नाही?"

"सांगितलं की सावरून लिहितात. मला सावरलेलं अक्षर नको."

"आणि म्हातारबानं नुसती गंमत केली असती तर?"

"तर एक एनिमा फुकट गेला असता."

पुढच्या गुरुवारी बैल आला. पाय चार. मी मनातल्या मनात बाईंना हात जोडले. उघडपणे जोडायचे नाहीत एवढी अक्कल मला होती.

त्यांचा डबा हा आणखी एक छळ. बिनमिठाची भाकरी, बिनमिठाचं पिठलं, बिनमिठाची मेथी. पोटात पाणी होणाऱ्याला मीठ बंद, हे ठीक आहे. पण बाईंना काय झालं होतं? तर म्हणे, "ज्याला सांगायचं त्याच्याआधी आपण खाऊन बघावं." हे बघणं सहा वर्षं चालू होतं. मला रोज एक घास खायला लावायच्या आणि तोंडाकडे टक लावून बघायच्या. "लिंबू पिळलं तर चालेल? जिरं जास्त घालू? खर्ड्याशिवाय ज्याचा घास उतरत नाही त्याला काय द्यावं, सांगा बरं." त्या खरंच विचारायच्या. भाजलेल्या लसणाची बिनमिठाची चटणी ही माझी सूचना. ती त्यांनी सगळ्या पेशंटना सांगितली. माझ्या नावानं नाही, "आमचे कारकून म्हणतात" म्हणून.

दवाखान्यात त्यांच्याविषयी हजार गोष्टी होत्या. नवरा दारूत गेला म्हणून ही असं करते. बाप गेला म्हणून. कोणी डॉक्टर होता, त्याच्यावर जीव होता, त्यालाच कावीळ झाली. मी सगळ्या ऐकल्या होत्या. शेवटी एका दुपारी टेबलाशी दोघंच असताना विचारलं, "बाई, लिव्हरच का?"

"कारण ती रांग रिकामी होती," बाई म्हणाल्या. "टीबीला सरकार आहे. हार्टवाल्याला बघायला पाहुणे फळं घेऊन येतात. लिव्हरवाल्याला पाहुणे म्हणतात, प्यायला असणार. मग कोणी येत नाही. मला गर्दी आवडत नाही." आणि त्या सुया मोजायला लागल्या. मला काही मोठं ऐकायला मिळेल असं वाटलं होतं. मी जरा खट्टूच झालो.

आता मास्तरांचं सांगतो.

मास्तर नेवाशाच्या अलीकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. पस्तीस-छत्तीसचे. बौद्ध घरातले, त्यांच्या वाड्यातला पहिला शिकलेला माणूस. दारूच काय, सुपारीचं खांडही तोंडात घातलं नव्हतं. कावीळ झाली होती जुनी, ती पुरती गेली नाही आणि लिव्हर कडक होत गेलं. गाव मात्र म्हणायचं की मास्तर चोरून पितो. पोट सुटलंय, डोळे पिवळे, आणखी पुरावा काय पाहिजे? मास्तर पहिल्यांदा आले तेव्हा टेबलापुढं उभे राहून म्हणाले, "मी पीत नाही, हे आधी लिहा." बाई म्हणाल्या, "मी विचारलेलंच नाही." मास्तर खाली बसले. त्या एका वाक्यावर ते बाईंचे झाले.

काय अक्षर होतं हो त्या माणसाचं! कार्डावर रेघ नाही, पण ओळ सुतात. मी त्यांच्या कार्डाची वाट बघायचो. चार ओळी शाळेच्याच असायच्या. दुष्काळी कामावर खडी फोडायला आईबाप गेले की पोरंही जातात, मग मास्तर दुपारी खडीच्या ढिगाशी जाऊन पाढे घेतात. एका मुलीनं उलटे पाढे म्हणून दाखवले, वगैरे. बाई ती कार्डं उलटी धरून म्हणायच्या, "याला म्हणतात लिव्हर ताब्यात."

त्याच दिवसांत माझं आणि बाईंचं वाजलं. पाथर्डीकडचा एक माणूस बायकोला घेऊन आला होता. मी केसपेपर भरताना विचारलं, "दारू किती वर्षं?" छापील फॉर्मवर रकानाच होता तसा. बाईंनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

"कारकून, तुमचं लग्न ठरतंय म्हणे?"

मी म्हटलं, "हो."

"मुलीकडचे इथं आले आणि मी असंच मोठ्यांदा विचारलं, आमचे कारकून दिवसाला किती विड्या ओढतात, येणाऱ्या-जाणाऱ्या किती पोरींकडे बघतात? चालेल?"

अख्खी रांग फिदीफिदी हसली. तो पाथर्डीचा माणूसही हसला. मोठे डॉक्टर नेमके जिन्यावर. माझे कान तापले. बाईंचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच जास्त झोंबलं. मी ठरवलं, बास. आता विचारल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही. वजन, करगोटा, परसाकडे वाचायचं आणि गप्प बसायचं. बघू कशी चालते हिची गाडी.

आणि त्याच गुरुवारी मास्तरांचं कार्ड आलं. अक्षर सुरेख, ओळ सुतात. बाईंनी उलटं धरलं, म्हणाल्या, "छान," आणि माझ्याकडे दिलं. कार्ड तारेत ओवायच्या आधी मी पत्त्याची बाजू बघायचो, कारण नाव तिथं असायचं. पत्त्याशेजारच्या मोकळ्या जागेत मास्तर सही करायचे. ती सही मी बघितली. पहिलं अक्षर मोठं, पुढची बारीक, सगळी खाली घसरत गेलेली, शेवटचा काना भलत्याच ठिकाणी. मजकूर तसा आणि सही अशी. मला ते खटकलं. मी तोंड उघडलंसुद्धा. मग कान पुन्हा तापले, आणि मी मनात म्हटलं, विचारलंय का मला कोणी? कार्ड तारेत गेलं.

तो आठवडा मी नीट झोपलो नाही. शहाणा असतो तर दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं. पण पुरुषाचा फुगा एकदा फुगला की लवकर फुटत नाही. पुढच्या गुरुवारी कार्ड आलं, मजकूर तसाच सुरेख, आणि सहीच्या जागी नुसती एक रेघ. पेन टेकवून ओढत नेलेली.

मी ते कार्ड बाईंपुढं सहीच्या बाजूनं ठेवलं. बाईंनी पाहिलं. तारेतली मागची दोन काढली, तिन्ही शेजारी-शेजारी मांडली; सगळ्यात जुन्या कार्डावरची सहीही जराशी घसरलेलीच होती. मजकुराची बाजू, सहीची बाजू, मजकुराची बाजू. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

"मजकूर दुसऱ्याचा आहे," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे." आणि पिशवी उचलली. मी म्हटलं, "मीपण येतो." कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो?

एसटीनं फाट्यापर्यंत आणि पुढं चालत. ऊन मी म्हणत होतं. रस्त्याच्या कामावरची माणसं तोंडाला फडकी बांधून खडी फोडत होती. गावात शिरलो तर शाळेच्या ओट्यावर ही गर्दी. मधे खुर्चीवर मास्तर. शर्टाची बटणं वरखाली, डोळे अर्धे मिटलेले, ओठांशी काहीतरी पुटपुटत. बाजूला त्यांची बायको, पदर तोंडाशी. समोर सरपंच हातात कागद घेऊन उभे. त्यावर दहा-बारा अंगठे आणि सह्या. मास्तर दारू पिऊन शाळेत येतात, यांना काढून टाका, असा अर्ज पंचायत समितीला जायचा होता. मास्तरांची नोकरी आणि अब्रू, दोन्ही त्या एका कागदावर होती. आणि जीव तर त्याच्याही आधी जाणार होता.

"बगा की," सरपंच बाईंना म्हणाले, "झुकांड्या खात्यात. पोरांना वळकंनात. फळ्यावर काय बी गिरगटत्यात. ह्येला काय म्हनायचं?"

बाई थेट मास्तरांपुढं गेल्या. "मास्तर, हात पुढे करा. बोटं पसरा. असे." मास्तरांनी केले. हात क्षणभर राहिले आणि पडले, पुन्हा उचलले, पुन्हा पडले. त्यांची इच्छा नसताना ते पडत होते हे कोणालाही दिसलं असतं.

"सरपंच, इकडं या," बाई म्हणाल्या. "यांच्या तोंडाचा वास घ्या."

"आं?"

"अर्ज तुम्ही केलाय ना? मग वास तुम्हीच घ्यायचा."

मास्तर ज्या वस्तीतले होते, तिथलं पाणीसुद्धा त्या गावात कोणी प्यालं नव्हतं. सरपंच त्यांच्या चार हातांपेक्षा जवळ कधी गेले नसतील. ते जागचे हलेनात. बाईही हलल्या नाहीत. शेवटी सरपंच वाकले. मास्तरांच्या तोंडाशी नाक नेलं. एकदा घेतला, पुन्हा घेतला. पिणाऱ्यांचं गाव ते, दारूचा वास त्यांना काही नवा नव्हता.

"ह्यो दारूचा न्हाई," ते हळू म्हणाले.

"मोठ्यांदा."

"दारूचा न्हाई! कसला तरी ग्वाडसर हाय, उंदीर मेल्यावानी."

"तो लिव्हरचा वास. लक्षात ठेवा, पुन्हा उपयोगी पडेल. आता तुमची जीप काढा, आजच्या आज नगरला न्यायचंय."

सरपंचांनी कागद चार घड्या करून खिशात घातला आणि जीप काढायला स्वतः गेले. ते मनानं वाईट होते असं मी म्हणणार नाही. पण एवढ्या दिवसांत एकानंही वास घेऊन बघितला नव्हता.

जीपमध्ये मास्तरांचं डोकं मांडीवर घेऊन बायकोनं सांगितलं. "म्याच लिव्हत हुते. त्येंचा हात थरथराया लागला. म्हनले, असलं अक्षर बाईस्नी धाडायचं व्हय? मी मास्तर हाय. मंग म्या लिव्हलं, त्ये सांगतील तसं. मला शाळा न्हाई, लगीन झाल्यावं त्येनीच पाटीवर शिकवलं. त्येंचंच वळन हाय माझ्या हाताला." जरा थांबून म्हणाली, "सही तेवढी करू देईनात. सही दुसऱ्यानं करनं म्हंजे खोटं, म्हनले."

बाई बाहेर बघत होत्या.

मास्तर वाचले, हे आधीच सांगून टाकतो. पुढं दोन वर्षं शाळा केली. मग एक दिवस रक्ताची उलटी झाली आणि गेले, पण शेवटपर्यंत डोकं लख्ख होतं आणि गावात कोणी त्यांना पिणारा म्हटलं नाही. ते झालं नंतर. मला सांगायचंय ते दवाखान्यातल्या चौथ्या दिवसाचं.

तीन दिवस एनिमा, ग्लुकोज, आतडं साफ करायच्या गोळ्या. डॉक्टर सांगायचे, पण खाटेशी बाई. चौथ्या दिवशी सकाळी मास्तरांनी बायकोला नावानं हाक मारली. मग विचारलं, अर्जाचं काय झालं? बायकोनं सांगितलं. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले.

बाई आल्या, खाटेपाशी उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "मास्तर, कार्डं मी अक्षरासाठी मागवत होते. हात बिघडला की मला कळावं म्हणून."

मास्तर वळले. उठून बसायला लागले, बसवेना, तरी बसले. "मग हे मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं की लोक सावरून लिहितात."

"लोक!" मास्तर इतके चिडलेले मी कधी बघितले नव्हते. "बाई, मी रोज चाळीस पोरांची अक्षरं बघतो. वाईट अक्षर लपवू नको, मला दाखव, तरच चूक कुठं ते समजेल, हे मी त्यांना रोज सांगतो. मला एक शब्द सांगितला असता तर मी घाणेरड्यातलं घाणेरडं अक्षर तुम्हाला पाठवलं असतं. मला काय माहीत तुम्हाला ते पाहिजे होतं? मी आपला लाज राखत बसलो."

बायको रडायला लागली. "म्याच लिव्हली. माज्याच हातानं झालं समदं."

मलाही राहवेना. "मास्तर, मला एक आठवडा आधी दिसलं होतं. तुमची सही. बाईंवर रुसलो होतो, म्हणून सांगितलं नाही." लाज वाटली, खूप वाटली. आता बाई मला उभा सोलणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो.

"तुमचं नंतर बघू," बाई म्हणाल्या. मग मास्तरांकडे बघून, "चुकलं ते माझं. मला वाटलं, मला कळतंय एवढं पुरे आहे."

मास्तर दम लागल्यासारखे श्वास घेत होते. राग उतरायला त्यांना वेळ लागला. मग म्हणाले, "दोन वर्षं झाली. पाणी काढलं, गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं. सगळं तुम्ही म्हणाल तसं केलं. पण माझ्या पोटात नेमकं काय चाललंय, हे मला अजून एकानं सांगितलेलं नाही. बसा इथं. आणि शिकवा मला."

नर्सनं पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही, असा दवाखान्याचा नियम होता आणि तो मोडताना मी बाईंना कधी बघितलं नव्हतं. बाई बसल्या. मास्तरांच्या बायकोला म्हणाल्या, "तुम्हीपण या अशा जवळ." माझ्याकडे न बघता हातानंच मलाही बोलावलं. मग त्यांनी मास्तरांचा उजवा हात धरला, तो अजून थोडा थरथरत होता, आणि त्यांच्याच बरगडीखाली नेऊन दाबून ठेवला.

"हे बघा मास्तर," बाई म्हणाल्या, "लिव्हर इथं असतं."